टाळ्यांचा हिवाळा

डिसेंबर लागला की आमच्या रस्त्यावर पहाटे बुटांचे आवाज सुरू होतात. जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या भागात एकवीस किलोमीटरची शर्यत असते, आणि तिची तयारी करणारे सगळे उजाडायच्या आत बाहेर पडतात. मी अंथरुणातच असते. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आधी तरुण मुलांचे हलके, घाईचे पाय ऐकू येतात. मागून गप्पा मारत धावणारा एखादा घोळका जातो. मग बराच वेळ काहीच नाही. दुधाचे क्रेट उतरवल्याचा आवाज, खालच्या वॉचमनचं खोकणं, कुठेतरी वर चढणारं शटर. आणि अगदी शेवटी एकटे, जरासे घासत येणारे दोन पाय. ते ऐकले की मी उठते.

बोरिवलीला थंडी पडते असं म्हटलं तर नागपूरचे लोक हसतील. पण नॅशनल पार्कच्या झाडीतून पहाटे जो गारवा खाली उतरतो, तो आमच्या पश्चिमेपर्यंत थोडाफार पोचतो. दादरपेक्षा आमच्याकडे जास्त गार असतं, हे बोरिवलीकर असं सांगतात की जणू ती थंडी सोसायटीच्या वर्गणीतून आणली आहे. या दिवसांत गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना सकाळी ओलसर वास येतो. रस्त्यावरचे दिवे धुरकट दिसतात. जवळच्या एक्सर गावाच्या गल्ल्यांत नाताळच्या कागदी चांदण्या लागतात, लाल आणि पिवळ्या, आणि त्या रात्रभर जळत राहिल्याने पहाटे धावणाऱ्यांच्या वाटेवर रंगीत उजेड पडलेला असतो. या उजेडाची ओळख मला एका हिवाळ्याने करून दिली. तो हिवाळा मी आवाजाशिवाय काढला होता.

मी शाळेत मराठी शिकवते. माझा आवाज ही आमच्या शाळेतली एक सोय होती. स्नेहसंमेलनात माईक बिघडला की मला पुढे करायचे. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलाला मी नावाने थांबवू शकत असे. मला त्याचं कधी विशेष वाटलं नाही. हात असतात, पाय असतात, तसा आवाज असतो. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर थायरॉइडची गाठ काढायला लागली. ऑपरेशन चांगलं झालं, गाठही साधी निघाली. फक्त मी शुद्धीवर आल्यावर नर्सकडे पाणी मागितलं, तेव्हा तोंडातून नुसती हवा आली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आवाजाच्या पडद्याकडे जाणारी नस दुखावली आहे, असं कधीकधी होतं. काही महिन्यांत येईल आवाज. मग थांबून ते म्हणाले, "बहुतेक." त्या शेवटच्या शब्दाला धरून मी घरी आले.

आवाज गेल्यावर माणसं कशी वागतात, हे गंमतशीर असतं. मी कुजबुजले की समोरचाही कुजबुजत उत्तर द्यायचा. भाजीवाला इकडेतिकडे बघून हळूच सांगायचा, "मेथी ताजी आहे, मॅडम," जणू आम्ही दोघं काहीतरी लपवतोय. काही जण उलट करायचे. मला ऐकू येत नाही अशा समजुतीने कानाशी येऊन ओरडायचे. संक्रांतीला लोक हातावर तिळगूळ ठेवायचे आणि पुढे काय म्हणायचं असतं ते आठवून एकदम गप्प व्हायचे. फोन मी उचलायचा बंद केला. माझा नवरा विनय दुकानात, बँकेत, लिफ्टमध्ये माझ्या वतीने बोलू लागला. "मीनाला बरं वाटतंय. मीनाला कॉफी चालेल. मीना म्हणतेय की पंखा कमी करा." तो प्रेमानेच करत होता, आणि मला ते सहन होत नव्हतं. शाळेतून मुख्याध्यापिकांनी निरोप पाठवला की काळजी करू नका, लागलं तर ग्रंथालय सांभाळा, वर्गावर यायचा ताण नको. तोही प्रेमानेच पाठवलेला. तो निरोप वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडतानाही आवाज आला नाही.

उपचार म्हणून एक बाई आवाजाचे व्यायाम शिकवायच्या. ओठ मिटून 'हं' करायचं, हलकं, न ढकलता. मी घरात हं करायला बसले की विनय हातातला पेपर खाली ठेवायचा. नुसता बघायचा. त्याच्या बघण्यात इतकी आशा असे की मी हं करायचं सोडून उठायचे. मग मी पहाटे उठून खाली जायला लागले. गेटच्या बाहेर, पावसाळी गटारावरच्या सिमेंटच्या कठड्यावर शाल घेऊन बसायचं. अंधारात, कुणी नसताना, घशात ती हवा फिरवत राहायचं.

कुणी नसताना, असं मला वाटलं होतं. पण समोरून धावणारे जात. मी त्यांच्याकडे बघायचे, ते माझ्याकडे बघायचे, एवढंच. सगळ्यांच्या शेवटी एक वयस्क बाई यायची. ठेंगणी, जाडसर, करड्या केसांचा बॉबकट, गळ्यात बारीक साखळीत क्रूस. धावताना तिचे खांदे इतके हलायचे की पाय कमी आणि खांदे जास्त पुढे जातायत असं वाटावं. ती रोज माझ्याकडे बघून हात वर करायची. एके दिवशी जाता जाता म्हणाली, "काय गो बाय, रोज बसतेस नि नुसती बघतेस? कायतरी बोल की! पुढच्यांना सगळे बोलतात. शेवटच्याला कोणी काय बोलत नाय."

मी तोंड उघडलं. हवा आली.

ती पुढे गेली होती. थांबली, मागे फिरली. धावणारं माणूस सराव सोडून मागे येतं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली. मी शाल बाजूला करून गळ्यावरची खूण दाखवली. तिने बघितलं. कुजबुजली नाही, ओरडलीही नाही. साध्या आवाजात म्हणाली, "असं होय. मग टाळी वाजव. हात आहेत ना?"

ही ग्रेसी. एक्सर गावातली, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. तिच्या सासऱ्यांची गोराईला भाजीची वाडी होती. ग्रेसीने मात्र जन्मभर एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी केली. निवृत्त झाली, नवरा गेला, मुलगा परदेशी. डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. चालता चालता समोरून धावणारी माणसं दिसली आणि तिला वाटलं, हे काय आपल्याला जमणार नाय? हे सगळं तिने मला एका दिवसात नाही सांगितलं. रोज परत येताना कठड्यावर दोन मिनिटं टेकायची आणि एकेक तुकडा सांगायची. मी ऐकायचे. ऐकण्याची सवय मला त्या हिवाळ्यात लागली. त्याआधी मी बहुधा समोरच्याचं बोलणं संपण्याची वाट बघायचे.

टाळी वाजवायला मी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. आधी फक्त ग्रेसीसाठी, भीत भीत. मग वाटलं, पुढच्या पोरांनी काय पाप केलंय? त्यांच्यासाठीही वाजवू लागले. अंधारात एकटी टाळी फार मोठी वाटते. पहिल्या दिवशी पोरं दचकली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लांबूनच ओरडली, "गुड मॉर्निंग टीचर!" म्हणजे ग्रेसी त्यांच्याच घोळक्यातली, फक्त मागे पडणारी, आणि तिनेच त्यांना सांगितलं होतं. पण काय सांगितलं होतं कोण जाणे, कारण त्यांच्यातल्या एकानेही मला कधी विचारलं नाही की बरं वाटतंय का, आवाज आला का. ते फक्त माझ्या टाळीची वाट बघायचे. एकदा मी उशिरा उतरले, तर तो सगळा घोळका गेटसमोर जागच्या जागी पाय हलवत उभा. एक उंच मुलगा म्हणाला, "टीचर, तुमच्याशिवाय पुढे जायला मजा नाही येत यार!" आणि लगेच जीभ चावली, "सॉरी, यार नाही, टीचर." कित्येक आठवड्यांनी मी हसले. नि:शब्दच, पण खांदे हलेपर्यंत.

मी कठड्यावर बसून हं करते, हे ग्रेसीला कधी कळलं मला ठाऊक नाही. एका पहाटे ती शेजारी टेकली आणि म्हणाली, "कर ना, मी आहे म्हणून थांबू नको." मी ओठ मिटले. हं. खरखरीत, तुटका, मच्छरासारखा काहीतरी आवाज नाकातून आला. ग्रेसीने मान तिरकी करून ऐकलं, कानाला फोन लावल्यासारखं.

"डायल टोन आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"आमच्या बोर्डावर लोक यायचे रडत, लाइन मेली, लाइन मेली म्हणून. मी पहिलं ऐकायचे डायल टोन आहे का. असला तर लाइन जिवंत. नंबर लागत नसेल, पण लाइन जिवंत." ती उठली, गुडघे चोळले. "चाळीस वर्षं माणसं मी आवाजानेच ओळखली गो. तुझा आवाज कसा असेल, मी रोज धावताना अंदाज करते. टाइमपास होतो."

नाताळात तिने डबा आणला. करंजीसारख्या न्युऱ्या, शंकरपाळ्यांसारखे तळलेले गोड कलकल आणि काजूचं गुलाबी मार्झिपान. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तुझ्या मिस्टरला पण दे. बिचारा रोज खिडकीतून बघत असतो." मी वर बघितलं. आमच्या खिडकीचा पडदा हलला. मला इतके दिवस वाटत होतं की मी त्याच्यापासून लपून खाली येते.

तो डबा घेऊन वर गेले तेव्हा विनय चहा करत होता. मी डबा ओट्यावर ठेवला आणि त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. तो म्हणाला, "गोड आहे का फार?" मी मान हलवली. त्याने न्युरी मोडून अर्धी माझ्या तोंडात घातली. त्या सकाळी तो माझ्या वतीने कुणाशी काही बोलला नाही.

शर्यत जवळ आली तशी ग्रेसी गप्प होऊ लागली. एक दिवस विचारता विचारता, म्हणजे मी भुवया वर करता करता, तिने सांगितलं. आदल्या वर्षीही ती धावली होती. ठरलेल्या वेळेत पोचली नाही. रस्ते गाड्यांना मोकळे झाले, पाण्याची टेबलं उचलली गेली. ती फुटपाथवरून एकटीच शर्यत संपते त्या मैदानात पोचली तेव्हा शेवटच्या रेघेवरची हवा भरलेली कमान होती ना, तिच्यातली हवा काढत होते. "जमिनीवर लोळत होती, मेलेल्या हत्तीसारखी. तिच्यावर पाय देऊन मी आत गेले. कोणीतरी म्हणालं, ओ मावशी, पाय काढा." ती हसली. पण मग म्हणाली, "मला पदक नको. कोणीतरी असलं पाहिजे गो. एक माणूस असलं तरी चालेल."

मी माझ्या छातीवर बोट ठेवलं.

"तू तर आहेसच," ती म्हणाली.

शर्यतीचा रविवार उजाडला तेव्हा आमचा रस्ता ओळखू येत नव्हता. इथून मैदान दीडेक किलोमीटरवर, म्हणजे आमच्या गेटसमोरून धावणारे शेवटच्या टप्प्यात असतात, अगदी पिळून निघालेले. आमच्या मजल्यावरच्या जिग्नाबेननी टेबल मांडलं होतं. संत्र्याच्या फोडी, मीठ, गूळ-शेंगदाणे. समोरच्या सोसायटीतले लोक ताशा घेऊन आले होते. लहान मुलं हात लांब करून उभी होती, धावणाऱ्यांनी टाळी द्यावी म्हणून. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, आलं, आलं, थोडंच राहिलं! पाच किलोमीटर राहिलेले असोत की पाचशे मीटर, बघणारे हेच सांगतात. धावणाऱ्यांना ते खोटं आहे हे माहीत असतं, सांगणाऱ्यांनाही माहीत असतं, तरी अंगठा वर करून ते धावणारं माणूस पुढे जातं. ग्रेसीला हे अजिबात आवडायचं नाही. "किती राहिलं ते खरं सांगा नायतर गप बसा," असं तिचं म्हणणं.

मी टाळ्या वाजवत होते. उंच मुलगा गेला, त्याने माझ्यासाठी दोन्ही हात वर केले. ग्रेसीच्या घोळक्यातले एकेक गेले. प्रत्येक जण माझ्याकडे वळून बघत होता. माझे तळवे लाल झाले. मग माणसं तुरळक झाली. मग चालत येणारे. मग कुणीच नाही. पोलिसांनी दोऱ्या सोडल्या, रिक्षा सुरू झाल्या, ताशेवाले नाश्त्याला गेले.

जिग्नाबेन टेबल आवरू लागल्या. "मीनाबेन, आता कोण नाय येणार. सगळे गेले."

मी मान हलवली. त्यांनी टेबलाचा एक पाय दुमडायला घेतला. मी टेबलावर जाऊन बसले. चोपन्न वर्षांची शिक्षिका, रेशमी शाल पांघरून, दुमडत्या टेबलावर. जिग्नाबेननी टेबलाचा पाय पुन्हा सरळ केला. "ठीक छे," म्हणाल्या, "बसा."

मोटरसायकलवरून एक स्वयंसेवक आला. विनयने त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "मागे एक आंटी आहेत फक्त, पायात गोळे आलेत. गाडीत घेतायत त्यांना."

मी टेबलावरून उतरले आणि धावणारे येत होते त्या गोराईच्या दिशेने चालू लागले. मागून विनय हाक मारत होता, पण थांबायला मला वेळ नव्हता.

दोन सिग्नल पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर ग्रेसी बसली होती. एक बूट पायात, एक बाजूला काढलेला. समोर गाडी, दार उघडं. एक स्वयंसेवक मुलगी तिच्या पोटरीला स्प्रे मारत होती आणि समजावत होती, "आंटी, तुम्ही खूप छान केलंत. आता बसा ना गाडीत. पुढच्या वर्षी नक्की."

मला बघून ग्रेसीचा चेहरा वाकडा झाला. "आलीस?" ती म्हणाली. मग एकदम लहान आवाजात, "टीचर, बसू का गो मी गाडीत? खरं सांग. तू खोटं बोलत नाय."

मला खरोखर माहीत नव्हतं. मी त्या मुलीकडे बघितलं. तिला माझा प्रश्न कळला असावा. म्हणाली, "धोका काही नाही. गोळाच आहे. चालू शकतील, पण दुखेल." ग्रेसी माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू त्यातून शब्द येणार होता. माझ्या आत किती शब्द होते! वर्गात मी पोरांना किती वेळा सांगितलं असेल, हरू नका, उठा, जिद्द ठेवा. त्यातला एकही शब्द त्या क्षणी खरा वाटला नाही. बोलता येत असतं तर मी नक्की त्यातलंच काहीतरी बोलले असते.

मी खाली बसले. तिचा बूट उचलला, त्याची जीभ बाहेर ओढली, नाड्या सैल केल्या आणि तो तिच्या पायासमोर धरला. नुसता धरून ठेवला. म्हणजे, घालायचा तर घाल, नाहीतर मी बूट हातात घेऊन तुझ्याबरोबर गाडीत बसते.

ग्रेसीने बुटाकडे बघितलं. मग नाक ओढलं आणि पाय आत घातला. "घट्ट बांध," ती म्हणाली.

रस्ता आता वाहनांचा होता, म्हणून आम्ही फुटपाथने निघालो. ग्रेसी एक पाय टेकत, एक ओढत. ती स्वयंसेवक मुलगी मागे आणि गाडी तिच्याही मागे, हळूहळू. मी ग्रेसीच्या पुढे चार पावलं चालत होते. आणि मला एकच गोष्ट येत होती, ती मी करत होते. टाळ्या वाजवत होते.

रविवारची सकाळ. बसस्टॉपवर रांग होती. एक फुलवाली हार गुंफत होती. इडलीच्या गाडीभोवती जिममधून आलेली मुलं उभी होती. टाळ्या वाजवत येणारी एक बाई बघून सगळ्यांनी माना वळवल्या. एका गृहस्थांनी पेपर खाली केला. "कोण येतंय? कोणी मोठं आहे का?"

मी मागे बोट दाखवलं. त्यांनी बघितलं. घामाने भिजलेली, छातीवर नंबर लावलेली, लंगडत येणारी एक म्हातारी.  ते पेपर काखेत धरून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या बाजूचा वाजवू लागला. अख्खी रांग. फुलवाली ओरडली, "चल मावशे, चल!" इडलीवाली मुलं शिट्ट्या मारत म्हणाली, "आंटी, झकास! एकदम झकास!" सिग्नलला थांबलेल्या बसमधले लोक खिडक्यांतून बघू लागले, आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला, तालात, तीनदा. कुणालाही काही सांगावं लागलं नाही. मी सांगू शकत नव्हते म्हणूनच कदाचित त्यांनी स्वतः बघितलं.

आमच्या गेटशी विनय उभा होता. विनय हा असा माणूस आहे की सोसायटीच्या सभेतही हात वर करून हळूच बोलतो. ग्रेसीला बघताच तो फुटक्या आवाजात ओरडला, "ग्रेसीबाई! चला! थोडंच राहिलं!"

"किती थोडं?" ग्रेसी खेकसली.

विनय गडबडला. "दीड किलोमीटर," तो म्हणाला. "जरा जास्तच."

"हां. हे चालेल."

जिग्नाबेननी ग्रेसीसाठी एक संत्रं ठेवलं होतं. सोलून, फोडी मिठात बुडवून तिच्या तोंडात एकेक घातली. मग आम्ही सगळेच निघालो. मी टाळ्या वाजवत, विनय माझ्या बाजूने ओरडत, "बाजूला व्हा, धावणाऱ्या बाई येतायत!" इतके दिवस त्याने माझ्या वतीने बोललेलं मला टोचत होतं. त्या दिवशी मला वाटलं, बोल रे. अजून मोठ्याने बोल. तुझ्याजवळ आहे ना, मग दोघांसाठी वापर.

मैदानात कमान नव्हती. ट्रकमध्ये सामान चढत होतं. ग्रेसीचा घोळका गवतावर उपमा खात बसला होता. त्यांनी आमचा आवाज ऐकला आणि हातातल्या प्लेटा घेऊनच उठले. उंच मुलगा धावत आला. ग्रेसी मध्येच थांबली. "रेघ कुठाय?" ती म्हणाली. "रेघेवरून जायचं आहे मला." फक्कीची रेघ शेकडो पायांनी पुसली गेली होती. तो मुलगा मागे पळाला आणि त्याने बुटाची टाच मातीत रोवून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. वाकडीतिकडी, पण रेघ.

ग्रेसी तिच्यावरून गेली. ज्यांचे हात रिकामे होते त्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांच्या हातात प्लेट होती त्यांनी चमच्याने प्लेट वाजवली. पदकं संपली होती. ग्रेसीने विचारलंही नाही. उपमाही संपला होता. त्याबद्दल मात्र तिने आयोजकांना चांगलं सुनावलं.

मैदानाच्या फाटकाशी चहावाला होता. आम्ही दोघी तिथे बाकड्यावर टेकलो. विनय तिच्यासाठी रिक्षा बघायला गेला. चहावाला कप भरू लागला आणि मी म्हणाले, "साखर कमी."

"अर्धा चमचा चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल."

त्याने कप दिला. मी घोट घेतला. मग माझ्या लक्षात आलं की ग्रेसी माझ्याकडे बघतेय, कप ओठांशी धरून, न पिता.

"असा आहे होय," ती म्हणाली. "मला वाटलं बारीक असेल."

माझा हात गळ्याकडे गेला. घोगरा, जाडा, मध्येच फाटणारा एक आवाज. "हा माझा नाहीये," मी म्हणाले. प्रत्येक शब्दाला दम लागत होता. "माझा वेगळा होता. छान होता."

ग्रेसीने चहा फुंकला. "मला जुना ठाऊक नाय," ती म्हणाली. "माझ्यासाठी हाच तुझा."

विनय रिक्षा घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी रडत होतो. त्याला वाटलं, पाय दुखतोय.

आवाज एकदम आला नाही. दोन शब्द यायचे, तिसरा हवेत जायचा. जुना तर आलाच नाही. आता जो आहे तो खालच्या पट्टीतला आहे, थकला की फाटतो, आणि मैदानाच्या त्या टोकाला पोचत नाही. ग्रेसी अजून धावते, अजून शेवटची असते. शर्यतीच्या दिवशी जिग्नाबेनचं टेबल ती येईपर्यंत कुणी उचलत नाही, आणि विनय हातात घड्याळ धरून खरं अंतर सांगायला उभा असतो. आणखीही काही हळू धावणारे आमच्या गेटची आशा धरून येतात म्हणे. पण मला त्या हिवाळ्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते त्याच्या शेपटाकडचं, फेब्रुवारीतलं.

दहावीच्या परीक्षेआधीचा शेवटचा तास होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नको, दगदग होईल. मी म्हणाले, एकच तास. वर्गात शिरले. मुलं उभी राहिली. मला बघून त्यांना आनंद झाला आणि माझा आवाज ऐकून ती गोंधळली. मी पंखे बंद करायला सांगितलं. शिकवायला सुरुवात केली. मधल्या बाकांपर्यंत ठीक चाललं होतं. मागच्या बाकांवरच्या मुलांनी कानामागे हात धरले होते, एकमेकांना विचारत होती, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी मोठ्याने बोलायला गेले आणि आवाज फाटला.

मी पुस्तक मिटलं. म्हणाले, "मुलांनो, माझा आवाज आता एवढाच आहे. मागे ऐकू येत नसेल तर तसं सांगा."

 मागच्या बाकावरची श्रावणी उठली. वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. मला वाटलं, ही आता सांगणार, बाई, काहीच ऐकू येत नाही. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. "धर ग तिकडून."

दोघींनी बाक उचललं आणि पुढे आणलं. ते बघून बाजूचे दोघे उठले. मग सगळाच वर्ग. फरशीवर बाकं घासल्याचा इतका भयंकर आवाज झाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले आणि काय बघतोय ते न कळून परत गेले. दप्तरं डोक्यावरून पुढे आली. मधल्या वाटा बुजल्या, बाकाला बाक चिकटलं, तिघांच्या जागेत पाच जण बसले. पहिलं बाक माझ्या टेबलाला टेकलं तेव्हा मला फळ्याला पाठ लावून उभं राहण्यापुरतीच जागा उरली होती. इतक्या जवळून मी त्यांचे चेहरे कधी बघितले नव्हते.

धूळ खाली बसली. श्रावणीने दप्तर मांडीवर घेतलं, हनुवटी त्यावर टेकवली.

"हां बाई," ती म्हणाली, "आता घ्या."